औषधाची राखण आणि मनावरचें धुकें

कावीळ हा शब्द आपल्या घरांतून इतका जुना आणि परिचयाचा आहे कीं, त्याच्या पोटांत किती निरनिराळे विकार दडलेले असतात याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. दूषित पाण्यावाटें येणारी व बहुधा कांहीं आठवड्यांच्या विश्रांतीनें ओसरणारी कावीळ ही एक. आणि रक्तावाटें शरीरांत शिरून वर्षानुवर्षें यकृतांत ठाण मांडून बसणाऱ्या ‘बी’ व ‘सी’ या विषाणूंचा यकृतदाह, ज्याला आतां सर्वत्र हिपॅटायटिस म्हणतात, तो अगदीं निराळा. या दुसऱ्या प्रकारांत डोळे पिवळे होतीलच असें नाहीं. विमा उतरवितांना, रक्तदानाच्या वेळीं किंवा गरोदरपणाच्या तपासणींत तो अवचित उघडकीस येतो, आणि मग महिनोन्महिने, कधीं कधीं जन्मभर, औषध घेणें प्राप्त होतें.

या रोगाची वैद्यकीय चर्चा करण्याचा आमचा विचार नाहीं. तें काम डॉक्टरांचें. आम्हांस येथें लिहावयाचें आहे तें घरांतल्या दोन अडचणींविषयीं. औषध नीट राखावयाचें कसें, ही पहिली. आणि औषध चालू असतां रुग्णाचें डोकें मंद होतें, शब्द आठवत नाहींत, लक्ष टिकत नाहीं, त्याचें काय करावें, ही दुसरी. दवाखान्यांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या जातात. पहिली औषधाच्या पाकिटाबरोबर आणि दुसरी जातां जातां. घरीं मात्र त्या एकाच माणसाच्या वाट्यास येतात. ज्याची स्मरणशक्ति उपचारानेंच मंदावली आहे, त्यालाच ‘औषध दोन ते आठ अंशांत ठेवा, गोठूं देऊं नका, वार चुकवूं नका’ असें बजावून आपण मोकळे होतों. आमच्या मतें सगळ्या घोटाळ्याचें मूळ येथें आहे. औषध घेणें हें रुग्णाचें काम. औषधाची राखण हें घराचें काम होय.

कोणत्या औषधाची चिंता करावयाची आणि कोणत्याची नाहीं, हें आधीं पाहूं. लंडन येथें १९५७ सालीं आयझॅक्स व लिंडेनमान या दोघां शास्त्रज्ञांनीं विषाणूंना अटकाव करणारा एक पदार्थ शोधून काढला व त्यास इंटरफेरॉन असें नांव दिलें. ‘सी’ विषाणूची ओळख पटली ती १९८९ सालीं. आणि १९९१ पासून अमेरिकेंत त्यावर इंटरफेरॉनचीं इंजेक्शनें अधिकृतपणें देण्यांत येऊं लागलीं. आरंभीं आठवड्यांतून तीन वेळां टोंचावें लागे. पुढें २००१ च्या सुमारास शरीरांत अधिक काळ टिकणारें पेगइंटरफेरॉन आलें व आठवड्याला एकावर भागूं लागलें. त्याच्या जोडीला रायबाविरिनच्या गोळ्या असत. हा उपचार चोवीस किंवा अठ्ठेचाळीस आठवडे चाले, आणि ज्यांनीं तो घेतला त्यांस ते आठवडे अजून विसरतां आलेले नाहींत, जरी त्या आठवड्यांतलें दुसरें फारसें कांहीं त्यांना आठवत नसलें तरी! डिसेंबर २०१३ मध्यें अमेरिकेंत सोफोस्बुविर या गोळीस मान्यता मिळाली. २०१५ पासून ती आपल्याकडे पुष्कळ स्वस्तांत मिळूं लागली. आणि ‘सी’चा उपचार बहुतेकांस बारा आठवड्यांच्या गोळ्यांवर आला. २८ जुलै २०१८ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत या रोगांचीं औषधें सरकारी केंद्रांतून मोफत देण्याची सोय झाली. ‘सी’साठीं सुई आतां जवळजवळ इतिहासजमा झाली आहे. ‘बी’चे बहुतेक रुग्ण टेनोफोविर किंवा एंटेकाविर या रोजच्या गोळीवर असतात, निवडक रुग्णांना मात्र आजही पेगइंटरफेरॉन आठवड्याला एक याप्रमाणें अठ्ठेचाळीस आठवडे देतात. फ्रिजची खरी चिंता आहे ती या निवडकांच्या घरीं.

गोळ्यांना फ्रिज लागत नाहीं, हें पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही ठाऊक नसतें. ‘महागाचें औषध, थंडांत ठेवलेलें बरें’ अशा समजुतीनें बाटली फ्रिजच्या दारांत जाते, रोज एकदां बाहेरच्या दमट हवेंत उघडली जाते, आंत दंव धरतें आणि गोळ्या मऊ पडतात. गोळ्यांना उष्णतेइतकाच ओलाव्यापासून धोका असतो. बहुतेक पाकिटांवर तीस अंशांखालीं व कोरड्या जागीं ठेवावें असें छापलेलें असतें, तें वाचावें. बाटलींत ओल शोषून घेणारी लहानशी पुडी असते ती कचरा समजून फेकूं नये, आणि अर्थात् खाऊंही नये. डोकें जड झालेल्या माणसानें ती गोळी म्हणून तोंडांत टाकणें अशक्य नाहीं. कोंकणांत आणि मुंबईंत आषाढ-श्रावणाच्या दिवसांत स्वयंपाकघरांतलें फडताळ, न्हाणीघराजवळचा कोनाडा आणि खिडकीचा कट्टा या तिन्ही जागा वर्ज्य समजाव्या. निजण्याच्या खोलींतलें, लहान मुलांच्या हातास न लागणारें कपाट उत्तम.

आतां सुईच्या औषधाकडे वळूं. पेगइंटरफेरॉन हें मूलतः प्रथिन आहे. उष्णतेनें त्याचा गुण हळूहळू कमी होतो. गोठल्यानें तर तें एकदम निकामी ठरतें. गोठून पुन्हां वितळलेली सिरिंज दिसावयास पूर्वीसारखीच दिसते, ही यांतली खरी कठीण गोष्ट. दूध नासलें तर कळतें, भाजी शिळी झाली तर वास येतो. हें औषध मात्र आपली कांहीं खूण देत नाहीं. म्हणूनच ज्याला तें घ्यावयाचें असतें त्याच्या मनांत संशय घर करतो. तापमान दोन ते आठ अंश सेल्सिअस, प्रकाश नको, मूळ खोक्यांतून बाहेर काढावयाचें नाहीं, जोरानें हलवावयाचें नाहीं: इतक्या या अटी. दवाखान्याच्या फ्रिजमध्यें त्या सहज पाळल्या जातात. परंतु एकत्र कुटुंबांतला फ्रिज म्हणजे गांवचा चौक! सकाळीं दूध, दुपारीं ताक, मुलांना बर्फ, जाऊबाईंचें भिजविलेलें पीठ, आजींचें विरजण, संध्याकाळीं मोगऱ्याचा गजरा. दार उघडें ते उघडेंच. सणावारीं तो इतका भरतो कीं आंत हवेला फिरावयासही वाव राहत नाहीं.

फ्रिजमधल्या सर्व जागा सारख्या थंड नसतात, हें प्रथम लक्षांत घ्यावें. दारांतले कप्पे सर्वांत उबदार. दार जितक्या वेळां उघडेल तितक्या वेळां त्यांना बाहेरची हवा लागते. वर बर्फाचा कप्पा असलेल्या एकदारी फ्रिजमध्यें त्या कप्प्याच्या लगत खालीं जो ट्रे असतो, तेथें वस्तु गोठण्याचा संभव असतो; मागच्या भिंतीला चिकटलेली वस्तुही गोठूं शकते. मधली फळी, भिंतीपासून चार बोटें पुढें, ही औषधाची जागा. एक पेलाभर पाणी त्या ठिकाणीं रात्रभर ठेवून सकाळीं पाहावें. वर बर्फाचा पापुद्रा आला असेल तर जागा बदलावी. परंतु ही झाली गोठण्याची परीक्षा; उष्णतेची परीक्षा तिनें होत नाहीं. त्यासाठीं तापमापकच हवा, आणि तोही दिवसांतलें सर्वांत जास्त व सर्वांत कमी तापमान लक्षांत ठेवणारा. त्याची किंमत औषधाच्या किमतीपुढें कांहींच नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका पुणेकर कुटुंबांत घडलेली हकीकत या संबंधांत सांगण्यासारखी आहे. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. थोरले गृहस्थ बँकेंत अधिकारी. त्यांस ‘बी’साठीं हीं इंजेक्शनें सुरू झालेलीं. दिवाळीपूर्वीं धाकट्या जावेनें फ्रिज साफ करावयास काढला आणि भाऊजींचें औषध उन्हाळू नये म्हणून मोठ्या काळजीनें बर्फाच्या कप्प्यांत नेऊन ठेवलें! साफसफाई आटोपल्यावर तें पुन्हां होतें त्या जागीं गेलें. ती गोष्ट सहज बोलण्यांतून निघाली तेव्हां दोन दिवस झाले होते. औषधविक्रेत्यानें सिरिंज घेऊं नका असें स्पष्ट सांगितलें. पैसे गेले, पण त्याहून वाईट असें झालें कीं, त्या दिवसापासून गृहस्थांची झोप उडाली. रात्रीं दोन-तीन वेळां उठून ते स्वयंपाकघरांत जात, फ्रिज उघडून डब्याला हात लावून पाहत आणि परत येऊन निजत. पांच मिनिटांनीं आपण खरोखर पाहिलें कीं पाहिल्याचा भास झाला, याची शंका येऊन पुन्हां उठत. त्या उठण्यानें फ्रिज उघडत होता आणि झोप मोडत होती. मोडलेल्या झोपेनें दुसऱ्या दिवशींचें डोकें अधिकच जड होत होतें. चिंता आणि धुकें एकमेकांना कसें पोसतात याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

उपाय सुचविला तो त्यांच्या पुतण्यानें. त्यानें तापमापकाची तार आंत सोडून आंकडा दाखविणारी चकती फ्रिजच्या बाहेरच्या अंगास चिकटवली आणि म्हणाला, “काका, आतां दार उघडायचं नाही. नुसतं वाचायचं.” शेजारीं दोऱ्यानें एक लहान वही टांगली. तींत सकाळ-संध्याकाळ तारीख, आंकडा आणि पाहणाऱ्याची सही. सही काकांची नसे. एक आठवडा सूनबाईंची, एक पुतण्याची. गृहस्थ रात्रीं उठत ते पहिल्या आठवड्यांत एकदां, आणि पुढें पुढें मुळींच नाहीं. ‘काळजी करूं नका’ असें त्यांना घरांतल्या सर्वांनीं शंभरदां सांगून झालें होतें. त्या सांगण्यानें जें झालें नाहीं तें एका आंकड्यानें आणि एका सहीनें झालें. धुक्यांतल्या माणसाला धीर देणाऱ्या शब्दापेक्षां लिहिलेला पुरावा अधिक उपयोगीं पडतो.

एकत्र कुटुंबाचा गुण आणि दोष येथें एकाच ठिकाणीं दिसून येतो. हात पुष्कळ असतात. पण ‘कोणीतरी पाहिलें असेल’ हें वाक्यही अशाच घरांत जन्मास येतें. यास्तव राखणीचें काम एका माणसाकडे नांवानिशीं असावें, आणि तो परगांवीं गेला तर दुसरा कोण हें आधींच ठरलेलें असावें. औषध मूळ खोक्यासह एका झाकणाच्या डब्यांत ठेवावें. डब्यावर ‘औषध, जागा बदलूं नये’ अशी चिठ्ठी असावी. सोंवळें पाळणाऱ्या घरांतून, नैवेद्याच्या दुधाशेजारीं टोंचण्याच्या सुया कशा ठेवाव्या, असा प्रश्न वडील माणसांकडून निघाल्याचें आम्हीं ऐकलें आहे. त्यावर वाद घालण्यांत अर्थ नाहीं. बंद डबा निराळ्या फळीवर ठेवला म्हणजे आजींचेंही समाधान होतें आणि औषधाचेंही.

वीज गेल्यास पहिली गोष्ट, दार उघडूं नये. बंद फ्रिज सुमारें चार तास आपला थंडपणा राखतो. आंत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असतील तर त्याला अधिक आधार मिळतो. परंतु ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड जिल्ह्यांतल्या कित्येक गांवांत अनेक दिवस वीज नव्हती, किंवा जुलै २०२१ च्या पुरांत चिपळुणांत जें झालें, तशा प्रसंगीं बाटल्या कामास येत नाहींत. ज्यांच्या गांवीं असा प्रसंग संभवतो त्यांनीं जनरेटर असलेला दवाखाना किंवा औषधाचें दुकान आधींच विचारून ठेवावें. इन्सुलिनची कुपी ओल्या मातीच्या भांड्यांत ठेवण्याची युक्ति पुष्कळांस ठाऊक आहे; कोरड्या हवेंत ती इन्सुलिनला बऱ्यापैकीं उपयोगीं पडते. या औषधास मात्र तेवढा गारवा पुरत नाहीं. प्रवासांत बर्फाच्या पिशवीला सिरिंज थेट टेकूं देऊं नये, मध्यें टॉवेलची घडी असावी. मोटारींत पुढच्या काचेखालीं किंवा मागच्या डिकींत ती पिशवी टाकूं नये. औषध बाहेर राहिलेंच तर किती वेळ चालतें हें प्रत्येक कंपनीच्या औषधागणिक निरनिराळें आहे. अशा वेळीं अंदाज बांधूं नये, तसेंच घाबरून फेकूनही देऊं नये. किती तास, किती अंश, हें टिपून औषधविक्रेत्यास अथवा डॉक्टरांस विचारावें. वही येथेंही कामास येते.

हें झालें फ्रिजचें. मनावरच्या धुक्याला तापमापक नाहीं.

वर सांगितलेले गृहस्थ खातेदारांचे क्रमांक तोंडपाठ असणारे. उपचाराच्या तिसऱ्या महिन्यांत ते एकदां देवघरासमोर उभे राहिले आणि आपण येथें कशासाठीं आलों हें त्यांना आठवेना. “शब्द जिभेपर्यंत येतो आणि माघारी फिरतो,” असें ते म्हणत. वर्तमानपत्राचें एक पान दोनदां वाचूनही मनांत उरत नसे. मुलांच्या गलबल्यानें एकदम संताप येई आणि मागाहून त्या संतापाचीच लाज वाटे. घरांतल्यांना वाटे, यांचें लक्षच नाहीं. वडील मंडळींना वाटे, आजाराचें निमित्त करून हा कामें टाळतो. यांतलें कांहींच खरें नव्हतें. इंटरफेरॉन विषाणूशीं लढतांना शरीरांत जी खळबळ उडविते ती मेंदूसही जाणवते. सुई घेतल्यावर कांहीं तासांनीं हिंव भरून ताप येतो, अंग ठणकतें, झोप तुटते. थायरॉइड ग्रंथीचें काम या औषधानें बिघडूं शकतें, आणि तिच्या मंदपणानेंही बुद्धि मंद वाटते; रायबाविरिन जोडीला असे तेव्हां रक्त कमी होऊन थकवा आणखी वाढे. ‘सी’च्या कित्येक रुग्णांना तर औषध सुरू होण्यापूर्वींपासूनच असें धुकें जाणवत असल्याची नोंद आहे. म्हणजे हा आळस नव्हे, म्हातारपणही नव्हे. उपचार संपल्यावर बहुतेकांचें डोकें हळूहळू पूर्ववत् होतें. तोंवर तक्रार ‘होणारच’ म्हणून सोडून न देतां डॉक्टरांच्या कानावर घालावी, कारण थायरॉइड आणि रक्त यांची तपासणी सोपी आहे व त्यांवर उपायही आहे.

या धुक्याला आठवड्याचें एक वळण असतें, आणि तें ओळखण्यांत पुष्कळ सोय आहे. सुईनंतरचा एक-दोन दिवसांचा काळ सर्वांत जड. पुढें थोडें उजाडतें. कित्येक जण डॉक्टरांच्या सल्ल्यानें शुक्रवारीं रात्रीं सुई घेतात, म्हणजे ताप झोपेंत जातो आणि जड दिवस सुटींत पडतात. बँकेचीं कामें, कागदांवर सह्या, मोटार चालविणें, मुलांचा अभ्यास घेणें हें सारें उजाडलेल्या दिवसांवर ढकलावें. जड दिवशीं रुग्णाला एका वेळीं एकच गोष्ट सांगावी. ‘येतांना दूध आणा, वीजबिल भरा, आणि हो, आत्यांना फोन करा’ अशी मालगाडी सोडूं नये. तिचा शेवटचा डबाच काय तो पोंचतो.

रोजच्या गोळीवर असलेल्या माणसाचा प्रश्न दिसावयास लहान, पण अधिक लांबीचा. ‘आज गोळी घेतली कीं नाहीं?’ रोजच्या सारख्या कृतीची आठवण मन वेगळी ठेवीत नाहीं. निरोगी माणसालाही ती गोंधळविते. कॅलेंडरवर गोळी घेतल्यावर, आणि घेतल्यावरच, काट मारावी. आधीं मारलेली काट निरुपयोगी. संशय राहिला तर भरीस भर म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊं नयेत. एंटेकाविर रिकाम्या पोटीं घ्यावयाची असते, जेवणानंतर दोन तासांनीं व पुढल्या जेवणाआधीं दोन तास. आपल्या घरांत चहा-फराळाचा आग्रह कोणत्या वेळीं होत नाहीं तें पाहून तिची वेळ ठरवावी. ‘सी’च्या कांहीं गोळ्यांचें शोषण आम्लपित्तावरच्या औषधांनीं कमी होतें, म्हणून घरांतल्या डब्यांतली ती गोळी सहज म्हणून देऊं नये. आणि हें करतांना रुग्णाला लहान मुलाप्रमाणें वागवूं नये. आमच्या गृहस्थांच्या पत्नी दर शुक्रवारीं फक्त “अहो, आज शुक्रवार” एवढेंच म्हणत. सुई काढणें, जागा पुसणें, टोंचणें, वहींत लिहिणें हें सर्व ते स्वतः करीत. राखण घराची आणि कृति त्यांची, ही वाटणी त्यांनीं अठ्ठेचाळीस आठवडे संभाळली.

दोन प्रकारचीं धुकीं मात्र अशीं आहेत कीं त्यांस घरगुती उपाय नाहीं. इंटरफेरॉनवर असलेल्या ‘सी’च्या रुग्णांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शास खिन्नतेचा विकार जडत असे. रुग्ण गप्प होतो, जेवण सोडतो, ‘माझ्यामुळें सर्वांना त्रास’ असें बोलूं लागतो. हें बोलणें चिडचिडींत जमा करून सोडूं नये; जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार एकदां जरी ओंठांवर आला तरी त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें, आणि तोंवर त्याला एकटें ठेवूं नये. दुसरें धुकें औषधाचें नव्हे, यकृताचें. ज्यांचें यकृत आधींच निबर झालें आहे, ज्यास सिऱ्होसिस म्हणतात, त्यांच्या रक्तांत अमोनियासारखीं द्रव्यें साचून मेंदूवर अंमल करूं लागतात. दिवसा पेंग आणि रात्रीं जाग, सही वेडीवांकडी, हात पुढें धरले असतां पंजे फडफडणें, ओळखीच्या जागेंत गोंधळ. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटांतला रक्तस्राव, झोपेच्या गोळ्या यांनीं तें बळावतें. येथें एक रात्र वाट पाहणेंही धोक्याचें. दवाखाना हाच मार्ग. अशा रुग्णाचें वरण आणि दूध बंद करण्याची जुनी चाल आतां डॉक्टर मान्य करीत नाहींत. हळद पिवळी म्हणून ती वर्ज्य करण्यांतही तथ्य नाहीं.

काढ्यांविषयीं दोनच शब्द लिहितों, कारण हा विषय निघाला कीं घरांत तट पडतात. २०२० सालीं साथीच्या दिवसांत प्रतिकारशक्तीसाठीं गुळवेलीचें सेवन करणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचें मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ मध्यें प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें तो निष्कर्ष मान्य केला नाहीं. वादाचा निकाल कांहींही लागो; ज्याचें यकृत आजच औषधांचा भार वाहत आहे त्याला डॉक्टरांस न सांगतां काढा देण्याचें कारण नाहीं. डोकें जड असलेला माणूस पुढें केलेला पेला पितो, हें ध्यानांत ठेवावें.

हें सर्व ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट म्हणजे घरास रोग ठाऊक असणें. आणि पुष्कळ घरांत तो ठाऊक नसतो. लग्नाच्या मुली घरांत आहेत, सोयरे काय म्हणतील, ताटवाटी निराळी करतील, या भीतीनें रुग्ण आपलें औषध लपवितो. सुईचा डबा लोणच्याच्या बरणीमागें, नेमका मागच्या भिंतीला चिकटून, असतो तो याच कारणानें. याहून शोचनीय गोष्ट तरुण सुनांची. गरोदरपणांत रोगाचें निदान झालेली मुलगी गोळ्यांची बाटली साड्यांच्या घडींत ठेवते. माहेरीं जातांना न्यावयास विसरते, किंवा तेथें कोणी पाहील म्हणून नेतच नाहीं. ‘बी’च्या गोळ्या डॉक्टरांस न विचारतां अशा एकदम बंद पडल्या तर दबलेला विषाणु उसळून यकृतास गंभीर इजा होऊं शकते. तिचा विसराळूपणा आपण बोलून दाखवितों; तिनें बाटली उघड्या कपाटांत कां ठेवली नाहीं, हें मात्र विचारीत नाहीं.

म्हणून हें स्वच्छ सांगितलें पाहिजे कीं, ‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणु एका ताटांत जेवल्यानें, एका पेल्यानें पाणी प्यायल्यानें, शेजारीं निजल्यानें किंवा मुलाला कडेवर घेतल्यानें पसरत नाहींत. रक्तानें, दूषित सुयांनीं, दाढीच्या पात्यांनीं, शरीरसंबंधानें आणि आईकडून जन्मतां बाळास ते जातात. ताटवाटी वेगळी करण्याचें कारण नाहीं. दाढीचें सामान आणि दांत घासण्याचा ब्रश वेगळा असावा. ‘बी’वर लस आहे. घरांतल्या सर्वांनीं रक्त तपासून घेऊन ती घ्यावी. अशा आईच्या बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आंत लस आणि जोडीला इम्युनोग्लोब्युलिन दिलें असतां बहुतेक बाळें बचावतात; प्रसूति कोठें व्हावयाची आहे तेथें हीं दोन्ही आहेत ना, हें सासर-माहेरच्या माणसांनीं मिळून आधीं पाहून ठेवावें. तीं दोन्हीही फ्रिजमध्येंच राहतात, आणि लसही गोठली तर वायां जाते.

वापरलेल्या सुया पुन्हां टोपण न लावतां जाड प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत टाकाव्या व डबा भरत आला कीं दवाखान्यांत परत द्यावा. घंटागाडींत टाकूं नये, कचरा वेंचणाऱ्या बायांचे हात उघडे असतात. वही मात्र उपचार संपला म्हणून रद्दींत घालूं नये. ‘बी’मध्यें औषध थांबल्यानंतरही ठराविक काळानें रक्त तपासावें लागतें, आणि डॉक्टरांचे पहिले प्रश्न औषध केव्हां सुरू झालें, केव्हां थांबलें, मध्यें किती खंड पडले, असेच असतात. त्या दिवसांतलें रुग्णास फारसें कांहीं सांगतां येत नाहीं. पुण्याच्या त्या घरीं वही अजून फ्रिजच्या कडेलाच टांगलेली आहे. मागच्या कोऱ्या पानांवर आतां दुधाचा हिशेब लिहितात.